पिंपातला पहिला घोट

मेव्हण्याने तोटी अर्ध्यावरच बंद केली, फेस खाली बसू दिला, मग ग्लास काठोकाठ भरून भाऊजींसमोर ठेवला.

"घ्या. रेड एल, आपली तांबडी बिअर. तुम्ही हो म्हणालात तर संध्याकाळी दार उघडायचं, नाहीतर पाटी उलटी."

नव्या पिंपातला पहिला घोट भाऊजींचा, असा त्या छोट्याशा बिअरच्या कारखान्याचा रिवाज होता. त्यांनी मान डोलावल्याशिवाय मेव्हणा स्वतः ओठ लावत नसे. भाऊजी तसे पिणाऱ्यांतले नव्हेत. कधीमधी एखादा ग्लास. पण चहाच्या कंपनीत चहा चाखणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि त्या जिभेवर सासरच्या सगळ्यांचा भरवसा.

त्यांनी ग्लास खिडकीकडे धरला. उन्हात रंग पेटला. मध्ये तांब्याचा, कडेला डाळिंबी. तापात तोंडाची चव गेली होती, ती ताप उतरला तरी परतली नव्हती. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. उद्या कामावर रुजू व्हायचं होतं. इतकं कडवट, इतकं खरपूस काही प्यायल्यावर तरी जीभ जागी होईल, या आशेवर ते बायकोसोबत आले होते.

सवयीने सुर्रकन आवाज करत त्यांनी घोट ओढला, टाळूवर पसरवला.

गार. बुडबुडे. ओलं. बस्स.

पुन्हा घेतला. धुतल्या पाटीवरून हात फिरावा तसा घोट जिभेवरून गेला. एक अक्षर नाही.

"काय हो भाऊजी, जीभ कंपनीतच ठेवून आलात का?"

"थांब जरा." नुसत्या रंगाकडे बघत त्यांनी जुळवाजुळव केली. "भाजलेलं धान्य. करपत्या साखरेचा गोडवा. शेवटी थोडी कडवट. झकास जमलीय."

"ऐकलंस ना ताई?" मेव्हणा पाटी सुलटी करायला दाराकडे निघाला.

तेवढ्यात बायकोने नवऱ्याच्याच ग्लासातून घोट घेतला. तिचे डोळे गच्च मिटले, गाल आत ओढले गेले. डोळे उघडून तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते फेसाकडे बघत राहिले.

"पाटी राहू दे," ती भावाला म्हणाली. "आंबलीय ही. तोंडात धरवत नाही."

"पण भाऊजी तर म्हणाले..."

"तुझं मन मोडवेना त्यांना. चेहरा बघ, कसा पांढराफटक पडलाय."

मेव्हण्याने चाखली आणि धावत जाऊन मोरीत थुंकला. "धन्य आहात भाऊजी. गिऱ्हाइकांनी मला याच पिंपात बुडवलं असतं." हसत तो आतल्या खोलीत दुसरं पिंप उघडायला गेला.

भाऊजी बाकावर बसले.

"तुला ठाऊक होतं?"

"ताप उतरल्यापासून भाजीत मीठ घातलेलं नाही मी."

"मग बोलली नाहीस ते?"

"तुम्ही रोज 'छान झालीय' म्हणत होता." तिने टेबलावर सांडलेला फेस बोटाने पुसला. "म्हटलं, आज सांगतील. उद्या सांगतील."

मेव्हणा नवा ग्लास फडक्याने पुसत घेऊन आला. "ही घ्या. आणि आता माझ्या मनाबिनाचा विचार करू नका. खरं बोला."

भाऊजींनी ग्लास उचलला, खिडकीकडे धरला, आणि बायकोपुढे ठेवला.

"हिला विचार," ते म्हणाले. "मला चव कळत नाही. तापापासून."

मेव्हण्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

तिने घोट घेतला.

"पावाची करपलेली कड असते ना, तुम्ही माझ्या ताटातून उचलता ती. तशी."

"मग?"

"मग गोड. साखर भांड्याला लागते तसली. आता घसा जरा कोरडा पडतोय."

भाऊजींनी ग्लास तिच्या हातातून घेतला आणि घोट घेतला. या वेळी आवाज न करता.

"मग?" त्यांनी विचारलं.