बॉक्स परत करताना

क्रोशाचा एक रुमाल, बरोब्बर बॉक्सच्या मापाचा.

चार मिनिटं अठरा सेकंद.

निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: या कार्यक्रमाची नक्कल करता येणार नाही.

मधलं बोट नसलेला उजवा हात, चिमटीत घड्याळाचं चाक.

खाली गाडीत अकरा जुने बॉक्स.

बॉक्सवाल्याचं हे दिवसातलं बारावं घर. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागले होते. कंपनीचा हुकूम असा, की टीव्हीचा जुना सेट-टॉप बॉक्स हातात पडल्याशिवाय नवा चालू करायचा नाही. काकूंनी रुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि विचारलं, आतलं नव्यात येईल ना?

तो रोज हेच ऐकायचा. नाही येणार, म्हणाला. रेकॉर्ड केलेलं त्याच बॉक्सपुढे तोंड उघडतं, दुसऱ्यापुढे मिठाची गुळणी धरून बसतं.

"आत फक्त आमचे हे आहेत," काकू म्हणाल्या. "बाकीचं सगळं पुसलंय मी."

हे म्हणजे घड्याळजी. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. एकदा टीव्हीवाले त्यांच्या दुकानात आले होते, बॉक्समधली ती चार मिनिटं, तेवढंच त्यांचं चालतं-बोलतं काय ते उरलेलं. ती वाहिनी पुढे बंद पडली. जावयाने केबल आणून बॉक्स संगणकाला जोडला, तर निळा पडदा. डिस्क काढून जोडली, तर ती रिकामी दिसली. नवरा माझा, टीव्ही माझा, विजेचं बिल माझं, मग मध्ये ही आडकाठी कोणाची, असं काकूंनी शांतपणे विचारलं. याचं उत्तर असलेला छापील कागद बॉक्सवाल्याच्या खिशात होता. त्याने तो काढला नाही.

"घरी कोणी नव्हतं, असं लिहा की."

"लिहितो, काकू. पण एक तारखेला कंपनी तिकडूनच जुने बॉक्स बंद करणार. मग हासुद्धा उघडायचा नाही."

काकू खुर्चीत बसल्या. बॉक्सवाल्याने पडदे ओढले, काकूंचा फोन मागून घेतला आणि चित्रण चालू करून टीव्हीसमोर धरला. कंपनीला कळलं असतं तर नोकरीवर गदा आली असती, पण ती भीती वाटायलाही अंगात जीव लागतो.

पडद्यावर घड्याळजी सांगत होते, की घाईने किल्ली दिली तर स्प्रिंग तुटते. तिसऱ्या मिनिटाला बॉक्सवाल्याचा हात भरून आला. मध्येच त्याला खोकला आला.

काकूंनी फोनवर पाहिलं. नवरा फिकट, अंगावरून आडव्या रेघा सरकतायत, आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि टीव्हीच्या काचेत फोन धरलेला एक दमलेला माणूस.

"तुम्हीपण आलात की यात."

"पुन्हा काढू का?"

"राहू दे. खोकलाच आहे तो, आमचे हेही खोकायचे."

त्याने जुना बॉक्स काढला, नवा बसवला, सही घेतली. नवा लहान होता. काकूंनी वर रुमाल टाकला, तो चारी बाजूंनी लोंबला.

नऊ वर्षांपूर्वी या घरात जुना बॉक्स बसवायला आला होता तेव्हा, आता याची गरज नाही म्हणून काकूंचा चांगला चालणारा व्हिडिओ रेकॉर्डर भंगारात नेणारा माणूस हाच होता.