क्रिझमची सुरई

रागिणी फर्गोजचा नुसता जळफळाट चालला होता. हवाई दलातल्या नवऱ्यामागून चंदीगडला आल्यापासून, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात कॅथेड्रलमधल्या मिस्सात क्रिझमची, म्हणजे पवित्र सुगंधी तेलाची, सुरई वेदीपाशी न्यायचा मान तिचाच. उन्हाळ्यात पुन्हा बदली, म्हणजे हे शेवटचं वर्ष. आणि फादरांनी ती सुरई दिली कोणाला, तर मेघना तुस्कानोला! रागिणीसारखीच वसईची, पण इथे येऊन जेमतेम सहा महिने झालेली, नॉलेज सिटीत संशोधन करणारी पोरगी.

"नई है, उसको भी मौका मिले," फादर म्हणाले होते.

रागिणीच्या वाट्याला आली आजाऱ्यांच्या तेलाची सुरई. त्यात ना सुगंध, ना थाट. क्रिझमचं तसं नाही. बिशप त्यात सुगंधी द्रव्य मिसळतात, सुरईवर फुंकर घालतात, शिमल्यापासून अंबाल्यापर्यंतचे फादर हात पुढे करून उभे राहतात. मग वर्षभर या धर्मप्रांतात कुठेही बाप्तिस्मा होवो, बाळाच्या डोक्याला कॅथेड्रलमधून गेलेलं तेच तेल लागतं. ती सुरई आपण नेली, हे रागिणी दर ईस्टरला वसईच्या बायकांना फोन करकरून सांगायची. यंदा काय सांगणार, कपाळ!

मिस्साआधी वेदीमागच्या खोलीत मेघना तिच्याजवळ आली. "ताई, एक विचारायचं होतं..."

"सुरई कशी धरायची, तेच ना? फादरांना विचार. त्यांनीच निवडलंय तुला."

"तसं नाही ताई, मी..."

"मला वेळ नाहीये गं." रागिणीने पाठ फिरवली. मेघनाचं तोंड एवढंसं झालेलं पाहून तिला बरं वाटलं.

मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये तेलं बाटल्यांत भरून प्रत्येक पॅरिशच्या चर्चला वाटली जात होती. क्रिझमच्या टेबलावर सिस्टरांना मदत करून मेघना लगबगीने आजाऱ्यांच्या तेलापाशी आली. "फादर, जल्दी चलिए ना, मम्मी आयसीयू में है."

रागिणी चपापली. "काय झालं मम्मीला?"

"माझ्याकडे राहायला आली आणि इथेच आजारी पडली. फादर आत्ता तिला तेल लावायला येतायत." मेघनाने आजाऱ्यांच्या तेलाच्या सुरईकडे बोट केलं. "ते तेल मला न्यायचं होतं, ताई. सुरया बदलून घ्याल का, एवढंच विचारायला आले होते."

आधी बोलायचं नाही का, असं म्हणायलाही रागिणीने जागा ठेवली नव्हती. तिने मेघनाचे हात हातात घेतले. त्यांना क्रिझमचा वास येत होता, आणि अशा वेळीही तिला आधी हेवाच वाटला.