तेलाला थंडी वाजते

मित्रांनो, मी जुना सेंट्रिफ्यूज आहे आणि संशय घेणे हा माझा जन्माचा धंदा आहे. माझ्या पोटात एक जड भांडे आहे. ते मिनिटाला सहा हजार वेळा फिरते. वरून तळणीचे वापरलेले तेल बारीक धारेने सोडले, की त्यातले पाणी आणि जळके कण भांड्याच्या भिंतीकडे फेकले जातात. स्वच्छ तेल वेगळ्या तोटीने बाहेर येते. वरून साळसूद दिसणाऱ्या तेलाच्या पोटात काय काय दडलेले असते, हे मी फार पाहिले आहे. त्यामुळे कुणाचाच वरचा रंग मला खरा वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तो बंद पडला आणि मी भंगारात गेलो. तिथून मला मालकांनी उचलले. मालक टेम्पोवाले. लोकांचे सामान जुन्या घरातून नव्या घरात पोचवायचे. कँटीनमधले टाकाऊ तेल आणून त्याचे डिझेल घरीच करावे, असे त्यांच्या मनात आले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मला चार बोल्टांनी जमिनीला जखडले.

आमची नऊ वर्षे चांगली गेली. कँटीनचा आचारी सकाळी तेलाचे डबे आणून ठेवायचा. तेव्हा मालक टेम्पो घेऊन बाहेर असायचे. ते दुपारी परतले, की मालकीणबाई एकेक डबा चौकड्यांच्या जुन्या ब्लँकेटात गुंडाळून शेडमध्ये आणायच्या आणि स्वतः माझ्यात ओतायच्या. मालकांचा हात फक्त नळावर.

मालक रोज हसायचे. "तेलाला काय थंडी वाजते का गं?"

"वाजते. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही नळ बारीक ठेवा."

मालकीणबाई माझ्याहून संशयी. साफ झालेले चमचाभर तेल त्या तापल्या तव्यावर टाकायच्या. तडतडले तर आत पाणी आहे, म्हणजे पुन्हा माझ्यात. पाणी राहिले तर पुढे पिंपात कॉस्टिक सोडा मिसळल्यावर डिझेलऐवजी साबण होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. "तवा कुणाचा मेहुणा नाही," त्या म्हणायच्या, "खरं तेच बोलणार." गल्लीत आमचे कौतुक व्हायचे. टेम्पोच्या धुराला तळणीचा वास, म्हणून टेम्पो गेला की लोकांना भूक लागते, अशी चेष्टाही व्हायची.

मग मालकीणबाई दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. शेडमधल्या खुंटीवरचे ब्लँकेट मालकांनी काढले, छातीशी धरून घरात नेले आणि शेडच्या दाराला कुलूप लावले. दोन महिने माझ्यावर धूळ बसली. माझ्या भांड्यात राहिलेला गाळ वाळून दगड झाला. तो मालकांनी पुढे खरवडून काढला, पण घरात जे साचले होते ते कुणी खरवडायचे?

काम पुन्हा सुरू झाले ते वाईटच. तेल जड येऊ लागले. मी जीव तोडून फिरायचो, तरी तव्यावर तडतड. पहिल्या खेपेला साबण झाला. दुसऱ्या खेपेलाही पिंपात पांढरा लगदा.

मालकीणबाईंचा भाऊ पाहायला आला. पिंपात डोकावून म्हणाला, "भावजी, कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाही, कुणीतरी घालतंय," मालक म्हणाले. "तो आचारी. तुझी ताई होती तोवर घाबरून होता."

तेव्हापासून मालक डब्यांची झाकणे हुंगू लागले. डब्यांवर खुणा करू लागले. एकदा तर कँटीनसमोरच्या दुकानात तासभर उभे राहून आचाऱ्यावर नजर ठेवून आले. आणि खरे सांगतो, संशय मलाही आचाऱ्याचाच होता. तेल जड, म्हणजे त्यात भेसळ, एवढेच मला कळत होते.

मग मेहुण्याची नजर माझ्याकडे वळली. "नाहीतर हे धूडच म्हातारं झालंय. शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो."  शुक्रवारी मालकांनी माझे दोन बोल्ट सैल केले.

शनिवारी सकाळी आचारी डबा घेऊन आला, तो तणतणतच.

"दादा, मी तेलात पाणी घालतो म्हणून गावभर सांगताय म्हणे? नऊ वर्षं वहिनींच्या तव्याला पास झालेला माणूस आहे मी!"

"मग ओत तूच," मालक म्हणाले. "बघू."

आचाऱ्याने डब्याला हात लावला. "हे असंच ओतता? गार?"

"मग कसं?"

"वहिनी कसं आणायच्या?"

"ब्लँकेटात गुंडाळून. तेलाला थंडी वाजते म्हणायच्या. चेष्टेनं."

आचाऱ्याने डबा बाजूला सारला. "अहो, चेष्टा कसली! मी सकाळी यायचो तेव्हा आदल्या दिवशीचे डबे मोठ्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात उभे असायचे. गार तेल घट्ट. त्यातलं पाणी सुटणार कसं? तापवलेलं निवू नये म्हणून ते ब्लँकेट."

"हे आधी नाही सांगायचंस?"

"तुम्हाला माहीत नाही, हे मला काय माहीत? घर तुमचं, बायको तुमची."

मित्रांनो, पूर्वी माझे अंग रोज तापायचे. मालकांना वाटायचे, मी फिरून तापतो. मलाही तोच गर्व होता.

मालक आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा पातेले चुलीवर चढले होते आणि काखेत ते ब्लँकेट होते. त्यांनी माझे दोन्ही बोल्ट आवळले. दुपारी गरम डबा गुंडाळून आणला आणि ओतला. नळ बारीक ठेवला. नंतर तव्यावर चमचाभर तेल टाकून आम्ही सगळे कान देऊन राहिलो. तवा गप्प होता. भंगारवाला आला, तर आचाऱ्यानेच त्याला दारातून परत पाठवले.

म्हणून सांगतो, संशय जरूर घ्या, पण आधी डब्याला स्वतःचा हात लावून पाहा. घरात कुणी रोज मुकाट्याने काही करत असेल, तर ते माणूस आहे तोवर विचारून घ्या, काय करतेस, का करतेस. आणि काम झाले की माझे भांडे पुसा. गाळ वाळू देऊ नका.

परवा मेहुणा मदतीला आला होता. ब्लँकेट पाहून हसला. "भावजी, तेलाला काय थंडी वाजते का?"

"वाजते," मालक म्हणाले. "तू नळ बारीक ठेव."