गे काकांचा खोकला

युआन थाओलिन गेले त्याच्या आदल्या दुपारी ते अंगणात चहा भाजत होते, आणि त्यांची मुलगी शूवेई उंबऱ्यात बसून, टोपली धरायला आलेल्या शेजारच्या गे काकांवर नजर ठेवून होती.

लुआनच्या डोंगरातल्या या चहाला कळी चालत नाही, देठही चालत नाही. कोंबावरचं पान तेवढं हातानं मोडून घ्यायचं. आधी कढईत परतायचं, मग मंद आचेवर सुकवायचं आणि सगळ्यात शेवटी मोठी आग द्यायची. निखारे लालभडक फुलले की पानांची भलीमोठी टोपली दोघांनी दोन बाजूंनी धरायची, आगीवर टेकवली न टेकवली तोच उचलायची, खाली ठेवून पानं हलवायची आणि पुन्हा आगीवर न्यायची. हे किती वेळा करायचं ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. पानांवर पांढरट साय धरते, धुरातून एक भाजका गोड वास सुटतो, तेव्हा थांबायचं. तो वास थाओलिनना सगळ्या खोऱ्यात पहिल्यांदा येतो, असं लोक म्हणत. त्यांनी "झाली!" म्हटलं की टोपली डब्यात रिकामी व्हायची, आणि तालुक्याचे व्यापारी डबा न उघडताच उचलायचे.

हेफेई शहरात शाळेत शिकवणारी शूवेई दर वसंतात चार दिवसांची रजा काढून यायची. या खेपेला तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बाबा "झाली!" म्हणायच्या अगदी आधी गे काका खोकत होते. एकदा झालं, दोनदा झालं. मग तिनं मुद्दाम लक्ष ठेवलं. खोकला, आणि लगेच "झाली!"

"काका, औषध घ्या की खोकल्यावर."

"धुराचा खोकला गं पोरी. औषधानं काय धूर पळतो?"

"घरी बायको तोंड उघडू देत नाही त्याला," बाबा म्हणाले. "म्हणून इथं येऊन खोकतो."

दोघं हसले. शूवेईला हसू आलं नाही. जेवायला बसले तेव्हा चुलीचा सगळा धूर काकांच्या तोंडावर येत होता, तरी ते एकदाही खोकले नव्हते.

संध्याकाळी बाबांनी मोठी आग द्यायच्या राहिलेल्या टोपल्या मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या. थोड्या वेळानं ती पाणी आणायला मागं गेली, तर गे काका त्यातल्या दोन टोपल्या कावडीला लावून मागच्या दारानं निघाले होते. तिला बघून दचकले, मान हलवली आणि चालू लागले.

"बाबा, काका आपला चहा घेऊन चाललेत."

"जाऊ दे. त्याचं घर कोरडं आहे."

"आपलं कधीपासून ओलं झालं?"

बाबांनी चहाचा पेला तिच्यापुढं सरकवला. "वास कसाय?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे कसा?"

लहानपणी घ्यायचे तशी परीक्षा घेताहेत, असं तिला वाटलं. "बरा म्हणजे बरा," ती तुटकपणे म्हणाली. कुठंतरी पाणी मुरत होतं. काकांनी बाबांना कशात तरी अडकवलंय, बाहेरचा हलका चहा बाबांच्या नावावर खपवतायत, असं तिच्या मनानं घेतलं. सकाळी बाबांना समोर बसवून सरळ विचारायचं, असं ठरवून ती झोपली.

सकाळी बाबा उठलेच नाहीत. झोपेत हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले.

त्यांना डोंगरउतारावर आईशेजारी पुरलं. बाहीला सुतकाचं पांढरं कापड बांधून शूवेई घरी परतली तेव्हा उदबत्त्या आणि मृतासाठी जाळलेल्या कागदांच्या धुरानं घर भरून गेलं होतं. मागच्या खोलीत एकही टोपली उरली नव्हती.

ती तडक गे काकांच्या अंगणात गेली. सगळ्या टोपल्या तिथं ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि काका कोळसा रचत होते.

"बाबांची माती अजून ओली आहे, काका."

"ठाऊक आहे. मीच खांदा दिलाय."

"मग आमचा चहा इथं कसा?"

"तुझ्या घरात सकाळपासून काय जळतंय?"

"उदबत्त्या. कागद."

"मग? चहा म्हणजे नाक्यावरची म्हातारी. शेजारी जे असेल ते ओढून घेणार. तिथं ठेवला असता तर लोकांनी देऊळ उकळून प्यायलं असतं."

"आणि त्या संध्याकाळी? तेव्हा कुठं उदबत्त्या होत्या?"

काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "त्या खोलीत वर काय टांगलंय?"

"खारवलेलं मांस."

"त्याच्याखाली चहा कुणी ठेवला?"

"बाबांनी."

"हयात चहात घालवलेला माणूस खारवलेल्या डुकराखाली चहा ठेवतो, आणि तुला संशय येतो तो माझा!"

काका खालच्या आवाजात म्हणाले, "मागच्या हिवाळ्यात तुझे बाबा तापानं पडले होते. ताप उतरला, पण नाक गेलं. काही म्हणजे काही कळायचं नाही. मग मी खोकायला लागलो. ओरडून सांगू, दादा, झाली म्हणून? भिंतीपलीकडं कान काय कमी आहेत?"

मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही, तेव्हा कुणी काहीही सांगावं, असं तिच्या मनात आलं. तिनं काकांचा चेहरा निरखून पाहिला. मग तिला तो पुढं सरकवलेला पेला आठवला. बरा म्हणजे कसा? ती परीक्षा नव्हती. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

ती तिथंच अंगणात खाली बसली.

"मला का नाही सांगितलं?"

"मला शपथ घातली होती. पोरीला कळलं तर नोकरी सोडून येईल, म्हणायचे. पुस्तकातली पोर आहे, तिच्या हातात टोपली द्यायची नाही." काकांनी एक पान चिमटीत धरून वाकवून पाहिलं. ते मोडलं नाही, नुसतं वाकलं. "नरम पडायला लागलीत. माझा मेहुणा हात द्यायला येणार, तो उद्या. एकट्याला टोपली उचलत नाही. हा त्यांचा शेवटचा माल, पोरी, आणि त्यांच्याच नावावर जाणार आहे. चांगला गेला पाहिजे."

शूवेई उठली. बाहीवरचं पांढरं कापड तिनं कोपराच्या वर सरकवलं आणि टोपलीची एक बाजू धरली.

"हात भाजतील."

"भाजू देत."

पहिल्यांदा तिनं उशिरा उचलली आणि काकांनी तिला बापावरून शिवी हासडली. मग जीभ चावली. दुसऱ्यांदा पावलं जुळली. आगीवर, खाली, पानं हलवायची, पुन्हा आगीवर. तोंडावर झळ बसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. काका तोंड मिटून होते. पानं हळूहळू पांढरट व्हायला लागली.

"बाबा," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"तुम्हाला नाही काका." टोपली आगीवर होती. तिनं काकांबरोबर ती उचलली, आणि डोंगरउताराकडं तोंड करून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मला ती नोकरी कधीच नको होती. मला इथंच राहायचं होतं. तुमच्यासमोर. ही टोपली धरून."