उमरग्याची महानंदा, भूमची शिवांजली

"धर. दोन्ही हातानं धर की!"

लक्ष्मीबाईनं सुनेच्या हातात पाण्याचा पेला दिला. पाणी सुनेच्या मांडीवर गेलं, खुर्चीवर गेलं, फरशीवर गेलं. पेला गडगडत टेबलाखाली गेला. बाकड्यावर बसलेल्या माणसांनी नजरा वळवल्या.

"बघा सिस्टर. काल कपबशी फोडली. परवा भाकरी थापताना हातच परातीवर वाजाय लागला, ढोलकी वाजवावी तसा. तुमच्या गोळीनं डोकं थंड झालं, झोपती बी झ्याक. पर ह्ये काय नवीनच काढलं? आन सकाळधरनं पोटात पाणी ठरंना."

दैवशाला सिस्टरनं वाकून पेला उचलला. वाकल्यावर तिला त्या सुनेची, शिवांजलीची, पावलं दिसली. तीही थरथरत होती.

भूमचा हा दवाखाना म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. आठवडी बाजाराच्या दिवशीच उघडायची, आणि ते दवाखाना चालवणाऱ्या संस्थेनं मुद्दाम ठरवलं होतं. मनाच्या आजाराच्या दवाखान्यात चाललो असं कुणी सांगत नाही, बाजाराला चाललो असं सांगता येतं. माणसं जिना उतरायची तेव्हा पिशवीत वर वांगी-मिरच्या असायच्या आणि तळाशी गोळ्या. दैवशाला धाराशिवहून एसटीनं यायची. डॉक्टर धाराशिवलाच बसायचे आणि कॉम्प्युटरवर दिसायचे.

"आधी कुठं उपचार घेतला होता का?" डॉक्टरांनी पडद्यावरून विचारलं. पहिल्या वेळीही त्यांनी हेच विचारलं होतं.

"न्हाय," लक्ष्मीबाई म्हणाली. "चार वर्षं झाली नांदतीय. कधी डोकं दुखतं म्हणली न्हाय. ह्या उन्हाळ्यातच कशानं बिघडलं देव जाणे."

शिवांजली मान खाली घालून बसली होती. हात मात्र बसत नव्हते.

"एवढ्याशा डोसनं इतका कंप यायला नको," डॉक्टर म्हणाले. "रक्त घ्या. गोळीतल्या लिथियमची पातळी बघू. उद्या-परवा रिपोर्ट येईल."

उद्या-परवा. दैवशालाला तेवढा वेळ दिसत नव्हता. तिनं डॉक्टरांना थांबा म्हणायच्या आत पडदा काळा झाला. खाली बाजारात कुणीतरी कलिंगडाच्या नावानं बोंबलत होतं.

[ नोंद अपूर्ण. आधार क्रमांक भरा. ]

हे नवीन होतं. महिन्यापूर्वीपर्यंत संस्थेची तीन केंद्रं म्हणजे तीन वेगळी घरं होती. उमरग्याची कागदं उमरग्यात, भूमची भूममध्ये, धाराशिवच्या व्यसनमुक्ती केंद्राची त्यांच्या कपाटात. तशातच मागं धोंडीबा नावाचा एक म्हातारा झोपेतच गेला. झोपेची गोळी त्याला उमरग्यातही मिळत होती आणि धाराशिवातही. दोन्हीकडच्या फायली नीटनेटक्या होत्या. दोन्हीकडचे डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते. माणूस तेवढा गेला.

तेव्हापासून दैवशाला प्रत्येक बैठकीत उभी राहायची. सगळं एका जागी दिसू द्या म्हणायची. ती उठली की मागच्या खुर्च्यांवरून आवाज यायचा, "घ्या, निघाला धोंडीबा!" लोक हसायचे. तीही हसायची आणि बोलायचं ते बोलूनच बसायची. नवरा गेल्यावर मिळालेली नोकरी, एका खोलीचं घर, एसटीच्या फेऱ्या. तिच्या आयुष्यात हट्ट म्हणावा असा हा एकच. तो शेवटी पुरा झाला. तिन्ही केंद्रं एका नोंदीत आली.

"मावशी, हिचं आधार कार्ड आणलंय का?"

लक्ष्मीबाईनं चोळीतला बटवा काढून त्यातून कार्ड दिलं. दैवशालानं आकडे भरले.

[ या क्रमांकाचा रुग्ण आधीच नोंदलेला आहे. केंद्र : उमरगा. नाव : महानंदा शरणबसप्पा. औषध : लिथियम. चालू. ]

[ हे दोन रुग्ण एकच आहेत का? होय / नाही ]

लक्ष्मीबाई खुर्चीच्या मागंच उभी होती. तिला वाचता येत होतं, बचतगटाची सचिव होती ती. दैवशालानं पदर सावरायच्या निमित्तानं अंग पुढं घेतलं आणि नोंदीची खिडकी खाली सरकवली. पडद्यावर संस्थेच्या चिन्हातलं सूर्यफूल आलं.

दोघी होत्या.

महानंदा कॉलेजात असताना आजारी पडली आणि औषधानं सावरली. शिवांजली लग्नाच्या दिवशी जन्मली, ताटातल्या तांदळात अंगठीनं काढलेल्या अक्षरांतून. महानंदाची गोळी पांढरी. तिची आई गजराबाई ती उमरग्यातून घेते, लेकीला भेटायला भूमला येते, येताना डब्यात लाडू आणि लाडवांखाली गोळ्या. शिवांजलीची गोळी गुलाबी. ती सासू तिच्या तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. महानंदाला सांगितलंय, एक दिवस चुकवायची नाही. शिवांजलीलाही तेच सांगितलंय. दोघी सांगितलेलं ऐकणाऱ्या. रंग वेगळा, कंपनी वेगळी, आत औषध एकच. आणि दोघींना मिळून मूत्रपिंडं दोनच.

"मावशी, खाली मेडिकलवरनं साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं घेऊन या. पटकन."

लक्ष्मीबाईच्या चपला जिन्यावरून वाजत खाली गेल्या.

"महानंदा."

पोरीनं मान वर केली. सगळ्या अंगात त्या नावाला ओळख देणारी तेवढी मानच उरली होती.

"उमरग्याच्या गोळ्या चालू हैत?"

"आई देती." जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांवर घसरत होते. "मधी आईचा पाय मोडला. यिनाच झाली ती. गोळ्या सपल्या. मंग मला झोप यिना, बडबडच सुटली. तवा आत्यानी हितं आणलं. मंग आईचा पाय बरा झाला."

"आणि मग दोन्ही घ्यायला लागलीस?"

"आई म्हणली, त्यांची कसली का गोळी आसंना, आपली सोडू नगं." तिनं दैवशालाचं मनगट धरायचा प्रयत्न केला. बोटं मनगटावर आपटत राहिली. "सिस्टर, आत्याला सांगू नगा. नांदवायचे न्हाईत मला."

दैवशालानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी दोन्हीकडचे डोस विचारले. मग म्हणाले, "रिपोर्टची वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता धाराशिवला हलवा. गोळी एकही नको. मेंदूवर गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

[ हे दोन रुग्ण एकच आहेत का? ]

तिनं होय दाबलं.

लक्ष्मीबाई पाकिटं घेऊन वर आली ती भांडायच्या तयारीतच. खाली कुणीतरी तिला गाडी बोलावल्याचं सांगितलं होतं.

"धाराशिव कशाला? सलाईन काय हितं लावत न्हाईत?"

"औषध रक्तात वाढलंय, मावशी. मोठ्या दवाखान्यातच न्यावं लागंल."

"कुणाचं औषध?"

दैवशालानं पोरीकडं पाहिलं नाही. "आमचं."

"म्हंजे तुमच्या गोळीनं झालं ह्ये?"

"व्हय. आमच्या गोळीनं."

त्यात खोटं काही नव्हतं. पांढरीही संस्थेची होती आणि गुलाबीही.

मग जे व्हायचं ते झालं. लक्ष्मीबाईनं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा संस्थेचा उद्धार केला. श्रीनाथला, तिच्या मुलाला, फोन लावला. तो ट्रक घेऊन हैदराबादच्या रस्त्याला होता. त्यानं फोन सिस्टरकडं द्यायला लावला.

"माझ्या बायकूला काय झालं तर तुमाला सोडणार न्हाय. सांगून ठिवतो."

"बरं," दैवशाला म्हणाली.

गाडीत उन्हानं सीट तापलेल्या होत्या. लक्ष्मीबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. ओला रुमाल तिच्या कपाळावर ठेवला, सुकला की पुन्हा भिजवला. शिव्या संपल्यावर तिचा आवाज वेगळाच येऊ लागला.

"पोटची पोर न्हाय मला. हिलाच पोरगी मानलं वो. मागल्या साली मला ताप भरला तवा रात-रात बसली हुती. सिस्टर, वाचंल ना?"

"वाचंल."

येडशीच्या पुढं शिवांजली बरळायला लागली. "अव्वा," ती म्हणाली. "अव्वा, गुळगी." ही उमरग्याकडची सीमेवरची बोली, कन्नड मिसळलेली. लक्ष्मीबाईनं कान खाली नेला.

"काय म्हणती?"

आई, गोळी. दैवशालाला कळलं होतं. "तापात काहीबाही बोलतंय माणूस," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली. बाहेर करपलेली कुसळं, त्यावर एकही जनावर नाही. तिनं मनात जुळवाजुळव चालवली होती. डॉक्टरांना आधी एकटं गाठायचं. लक्ष्मीबाईला पैसे भरायच्या खिडकीपाशी उभं करायचं. तेवढं जमलं तर जमलं.

जमलं नाही. धाराशिवचा मोठा दवाखानाही त्या नोंदीला जोडलेला होता, आणि नोंद त्यांच्याआधी पोचली होती. तिनंच दाबलेल्या एका होयनं दोन्ही बाया एक होऊन त्या दवाखान्याच्या पडद्यावर वाट बघत होत्या. तरुण डॉक्टर बाहेर आला तो वाचतच.

"लिथियम, दोन केंद्रांतून. बरं. सात वर्षांपासून चालू. पहिला झटका लग्नाच्या आधीचा. मूत्रपिंडाच्या जुन्या तपासण्याही आहेत. छान!" त्यानं मान वर केली. "छान झालं हे सगळं इथं दिसतंय. नाहीतर आम्ही ऊन लागलं म्हणून नुसतं सलाईन लावून बसलो असतो. संध्याकाळपर्यंत हातची गेली असती. चला, डायलिसिसला घ्या."

दैवशालानं त्याला डोळ्यांनी खुणावलं तेव्हा तो शेवटच्या शब्दावर पोचला होता. स्ट्रेचर चाकं वाजवत आत गेलं.

लक्ष्मीबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

"लग्नाच्या आधीचा?"

दैवशाला स्ट्रेचर गेलं त्या दाराकडं बघू लागली.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"आज कळलं."

"आन तरी तुमी म्हणलात, आमच्या गोळीनं." लक्ष्मीबाई तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर दैवशालाला सोपं गेलं असतं. "एका चुलीवर चार वर्षं. एका ताटात जेवलो वो आमी."

"मावशी, आजार हाय तो. साखरंचा असतो तसा. तिनं लपवलं ते…"

"गप बसा, सिस्टर. आता तुमी नगा सांगू."

आतून एक नर्स आली. तिनं लक्ष्मीबाईच्या हातात कागदाची पुडी ठेवली. "पेशंटचे दागिने. मशीनवर घेताना काढावे लागतात. मोजून घ्या." मंगळसूत्र होतं, जोडवी होती, कानातली फुलं होती. लक्ष्मीबाईनं मोजली नाहीत. पुडी पदराच्या टोकात ठेवली, एक गाठ मारली, थोडा विचार केला आणि वर दुसरी गाठ मारली.

ऊन उतरलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, पातळी खाली आलीय, पोरगी शुद्धीवर आहे, धोका गेला. लक्ष्मीबाईनं हात जोडले, ते डॉक्टरला की आणखी कुणाला ते कळलं नाही. दारापर्यंत गेली. आतून बारीक आवाज आला, "आत्या?" ती उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली. पोरीचा हात चादरीवर होता. आता तो पुष्कळच स्थिर होता. लक्ष्मीबाईनं तो पाहिला, डोळे भरून पाहिला, आणि मागं फिरली.

"हितनं भूमची गाडी कुठं मिळंल?"

"स्टँडवर. रिक्षा करा, लांब हाय," दैवशाला म्हणाली. "उद्या येताय ना?"

"श्रीनाथ आल्यावर बघू." पदराचं टोक मुठीत धरून ती जिना उतरली. गेटापाशी रिक्षावाल्यानं हाक मारली, तिनं मान हलवली आणि चालतच गेली.

दैवशालानं गजराबाईला फोन लावला. पलीकडं उमरग्यात नुसती घंटी वाजत राहिली.

वॉर्डात एक मावशी जेवणाचे डबे वाटत फिरत होत्या. या कॉटपाशी थांबल्या, तक्त्यावरचं नाव वाचायचा कंटाळा केला आणि विचारलं, "हिच्यासंगं कोण हाय?"

शिवांजली दाराकडं बघत होती.

दैवशालाची शेवटची एसटी चुकण्याचा प्रश्न नव्हता, तिचं घर याच गावात होतं. तिनं गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र काढून पिशवीत टाकलं, कॉटखालचं स्टूल पायानं ओढलं आणि डबा घ्यायला दोन्ही हात पुढं केले.