कुंपणाशी उभी असलेली लाल पायरीची शिडी

मी एक जुनी घडीची शिडी आहे. पाच पायऱ्यांची, ॲल्युमिनियमची. मित्रांनो, अशा शिड्या दिवे बदलायला आणि माळ्यावरचे डबे काढायला बनवतात. मला मात्र एका चष्मेवाल्याने विकत घेतले, आणि त्याला विमाने पाहण्याचे वेड होते.

विमानतळाच्या मागे एक टेकाड आहे. तिथले कुंपण खाली पत्र्याचे, वर जाळीचे. जमिनीवरून विमानांच्या फक्त शेपट्या दिसतात. माझ्यावर चढले की सगळी धावपट्टी दिसे. सुट्टीच्या दिवशी तिथे हौशी मंडळी जमत. चष्मेवाल्याची लहानगी लेक माझ्या तिसऱ्या पायरीवर उभी राहायची आणि तो मागून तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून ठेवायचा.

"बाबा, ते विमान चाकं बाहेर काढायला विसरलं तर?"

"विसरत नाही गं. आत कुणीतरी शहाणं माणूस बसलेलं असतं."

पुढे लेकच ते शहाणे माणूस झाली. वैमानिक झाली. एके दिवशी तिने कळवले, की येत्या रविवारी ती पहिल्यांदाच आपल्या गावच्या धावपट्टीवर विमान उतरवणार आहे. "बाबा, टेकाडावर या. हात हलवता यायचा नाही मला, पण शिडी शोधीन." चष्मेवाल्याने त्याच संध्याकाळी माझी वरची पायरी लाल रंगाने रंगवली. इतके कौतुक माझे कधीच झाले नव्हते.

टेकाडावरचे नियम साधे होते. शिडी कुंपणाला टेकवायची नाही. फोटो विमानांचे काढायचे. कुंपणाचे आणि पहाऱ्याचे काढायचे नाहीत. ते चष्मेवाल्याइतके कुणी पाळत नसे.

शनिवारी तो जागा निवडायला आला. माझ्यावर चढला आणि त्याला झुडपामागे पत्रा फाटलेला दिसला. कुत्रे सहज आत शिरेल एवढे भोक होते. त्याने कॅमेरा उचलला.

"फोटो कशाला? तोंडी सांगा की," त्याचा दाढीवाला मित्र म्हणाला.

"तोंडी सांगितलं तर नुसतं 'बघतो' म्हणतात. फोटो पाहिला की हलतील."

"हलतील हो. आधी तुम्हालाच हलवतील."

टेकाडावरच्या माणसाची ही सवयच. काही दिसले की फोटो हवा. फोटो नाही तर ते दिसलेच नाही. मला काखेत मारून तो तसाच सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेला.

"भोकाचं नंतर बघू," अधिकारी म्हणाला. "कुंपणाचा फोटो काढायला कुणी सांगितलं?"

"अहो साहेब, तिथून जनावर आत शिरलं तर? उद्या माझी मुलगी तिथे विमान उतरवणार आहे!"

"मग तर तुम्हाला नियम पाठ हवेत."

भोक संध्याकाळपर्यंत बुजवले गेले. चष्मेवाल्याला मात्र विमानतळाच्या हद्दीत कायमची बंदी झाली, टेकाड सगळ्यांनाच बंद झाले आणि मी जप्तीच्या खोलीत गेले. रविवारी त्या खोलीच्या भिंती थरथरल्या. एक विमान अगदी अलगद उतरले.

थोड्या वेळाने गणवेशातली लेक खोलीच्या दारात आली.

"माझ्या बाबांची शिडी द्या."

"जप्त वस्तू मालकालाच मिळते, मॅडम," दारावरचा पहारेकरी म्हणाला.

"मग त्यांना येऊ द्या."

"त्यांना बंदी आहे ना."

"तुम्हाला काही वाटतं का हो? ते घराच्या गच्चीवर उभे होते. तिथून नुसता आवाज ऐकू येतो. टेकाडावरच्या लोकांनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलंय. तुमच्यामुळे आमची जागा गेली, म्हणतात."

तिने माझ्या लाल पायरीवर हात ठेवला आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मला टेकाडावर नेले. मी नेहमी उभी राहायचे त्याच जागी दोन माणसांनी मला उघडले आणि माझ्यावर चढून पाटी ठोकली: 'येथे येण्यास, शिडी आणण्यास व फोटो काढण्यास सक्त मनाई.' त्या दिवसापासून वाऱ्याने पाटी सैल झाली की मलाच नेतात. तेवढ्यापुरती धावपट्टी दिसते.

मित्रांनो, नियम जरूर पाळा, आणि उद्या तुमच्या हाती नियम आले तर जपून वापरा. कुणी धोका सांगायला धावत आले, तर आधी त्याचे म्हणणे ऐका. जप्ती नंतरही करता येते, त्याची शिडी कुठे जात नाही.

समोर विमाने उतरत असतात. त्यांतले कोणते तिचे, हे मला सांगता येत नाही. ते ओळखणारा माणूस माझ्यावर आता चढत नाही.