नमुना मशीन

एकतीस नंबरच्या मशीनची वायर त्याने ओढून काढली, टोकावर फुंकर मारली आणि परत खुपसली. पडद्यावरची निळी पट्टी सरकत सरकत ब्याण्णव टक्क्यांवर पोचली आणि तिथेच बसली. खाली लाल अक्षरांत एक लांबलचक क्रमांक उमटला. तो त्याने वाचलासुद्धा नाही. असले क्रमांक शोधत बसायचं ते नवशिक्यांनी. अठरा वर्षं कॉलेजची लॅब सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला मशीनचं दुखणं नुसत्या वासावरून कळतं, असं त्याचं मत होतं. सकाळपासून तो वासच घेत होता.

काम म्हटलं तर सोपं. एका मशीनवर परीक्षेला लागणारं सगळं बसवायचं, त्याच्या अख्ख्या डिस्कची नक्कल काढायची आणि ती नेटवर्कवरून चाळीसही मशीनमध्ये ओतायची. ज्याची नक्कल काढायची, ते नमुना मशीन. यंदा त्याने नमुना म्हणून स्वतःच्या टेबलावरचंच मशीन धरलं होतं. नवं कोरं तयार करत कोण बसतंय! एकोणतीस मशीनांनी ती नक्कल निमूट गिळली. शेवटच्या रांगेतली दहा आणि दाराजवळचं एक, अशी अकरा मात्र अडून बसली. उद्या नऊला परीक्षा होती, आणि परीक्षेला बसणाऱ्या चाळीस मुलांत त्याची मुलगीही होती.

दोष कुणाचा, हे त्याने दहा वाजताच ठरवून टाकलं होतं. आधी फरशी पुसणाऱ्याचा, मग वायरिंग करून गेलेल्या माणसाचा, मग विभागप्रमुखांचा, कारण ते विभागप्रमुख होते. बाराच्या सुमाराला लॅबच्या बाई यंत्रांची नोंदवही घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं.

"ही अकरा आधीच्या खेपेतली आहेत. यांची डिस्क लहान आहे."

"बाई, तुम्ही चाव्या सांभाळा."

बाईंनी वही मिटली आणि चाव्या सांभाळायला गेल्या.

नमुना हा शब्द तसा त्याचा लाडका. मशीनांपेक्षा माणसांसाठी तो जास्त वापरी. भेटलेल्या प्रत्येक मूर्खाची नोंद ठेवायची त्याला खोड होती, आणि त्या यादीच्या फाईलचं नावही त्याने 'नमुने' असंच ठेवलं होतं. नमुना क्रमांक तीन, विभागप्रमुख: प्रिंटर बिघडल्याची तक्रार, स्वतः झेरॉक्सच्या मशीनपाशी उभे. नमुना क्रमांक बारा, लॅबच्या बाई: माऊसला हात लावण्याआधी हात धुऊन येतात. सत्तावन्न नोंदी झाल्या होत्या. संध्याकाळी घरी निघण्याआधी तो ती यादी एकदा वाचून काढी, आणि मग त्याला बरं वाटे.

दोन वाजता सहा मुलं सरावाला आली. चालू असलेल्या मशीनांपैकी सात नंबरवर मुलगी बसली. एरवी तिचं पाच मिनिटांनी एकदा चाले, बाबा हे कुठे गेलं, बाबा ते उघडत नाहीये. मग तो जागेवरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पडद्यावर आहे बघ, डोळे वापर, म्हणून सांगे. बाकीची हसत. तीही हसे, जरा उशिरा. आज मात्र तिने तासाभरात एकदाही हाक मारली नाही. चला, काहीतरी डोक्यात शिरलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत तो पुन्हा टेबलाखाली शिरला. साडेतीनला ती उठली, खाली थांबते म्हणाली आणि गेली.

चारपर्यंत त्याने नेटवर्कचा स्विच बदलला, वायरी बदलल्या, शेवटची रांग पहिल्या रांगेच्या वायरींवर चालवून पाहिली. नाचता येईना अंगण वाकडं हे वाक्य त्याने यादीत किमान नऊ जणांना लावलं असेल. स्वतःसाठी ते काही आठवलं नाही. शेवटी बाई पाणी प्यायला बाहेर गेल्याचं पाहून त्याने तो लाल क्रमांक गुपचूप मोबाइलवर टाकला. उत्तर चार शब्दांचं होतं. डिस्कवर पुरेशी जागा नाही.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगाच नाही. त्याने आधी दाराकडे पाहिलं. बाई आल्या नव्हत्या.

आता नक्कल लहान करायला हवी होती. परीक्षेचा पसारा तर फार नव्हता, मग एवढी जागा खाल्ली कशाने, हे बघायला तो आपल्या टेबलाशी आला. नमुना मशीनची डिस्क उघडली आणि उत्तर समोरच दिसलं. 'माझं' नावाचा फोल्डर. त्यात दहा वर्षांच्या मॅचेसची रेकॉर्डिंग्ज, जुन्या फोटोंच्या तीन तीन प्रती, आणि तळाशी एवढीशी फाईल, 'नमुने'.

हे सगळं सकाळपासून एकोणतीस मशीनांत जाऊन बसलं होतं. अकरा मशीनांनी तेवढं घ्यायला नकार दिला होता, आणि तो दिवसभर त्यांना शिव्या घालत होता.

सरावाची सहा मशीनं त्याने एकेक करून पाहिली. पाचांवर फाईलला कुणी हात लावला नव्हता. सात नंबरवर ती तीन वाजून बारा मिनिटांनी बदललेली होती.

त्याने उघडली. एक्केचाळिसावी नोंद होती तशीच होती: घरचाच नमुना. कन्यारत्न. अजून फाईल उघडायला बापाला हाक मारते. आईवर गेली आहे, दिवे लावणार. त्यातलं एक अक्षर तिने खोडलं नव्हतं. तो भराभर खाली गेला. सत्तावन्नच्या खाली नव्या ओळीवर अठ्ठावन्न हा आकडा होता, त्यापुढे पूर्णविराम, आणि पुढे काहीच नाही.

ती रिकामी ओळ तो बराच वेळ वाचत राहिला.

मग त्याने फोल्डर काढून टाकला, नवी नक्कल काढली आणि चाळीसही मशीनांवर सोडली. अकराच्या अकरा पट्ट्या ब्याण्णव ओलांडून सरळ शंभरावर गेल्या. सातवरची यादीही त्यात पुसली गेली. साडेपाचला बाईंनी नोंदवही उघडली आणि बिघाडाच्या रकान्यात कारण काय लिहू म्हणून विचारलं.

"लिहा, तांत्रिक."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तांत्रिक लिहिलं.

खाली मुलगी स्कूटरपाशी उभी होती. त्याने किल्ली लावली, पण सुरू केली नाही. मग नेहमीचंच बोलला.

"काही अडलं नाही ना?"

"नाही."

"अडलं तर हाक मारायची."

"एक फाईल उघडायची होती," ती म्हणाली. "उघडली मी."

ती मागे बसली. रोज ती बसता बसता त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि गर्दीतून जाताना शर्ट घट्ट धरायची. चौकातल्या वळणावर स्कूटर कलली, तेव्हा त्याने खांदा जरा मागे केला. तिने मागची दांडी धरली होती.